पाणी किती दिवसांचं?

आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला आजही कापडाची पिशवी बांधलेली असते. भिंतीवर फिल्टर बसला, तरी ती पिशवी गेली नाही. सासूबाई होत्या तोवर तर घरामागची विहीर वापरात होती. पाणी दुहेरी गाळण्यातून गाळायचं, मग गाळणं उलटं करून त्यावर राहिलेलं गाळलेल्याच पाण्यानं हलक्या हातानं उतरवून घ्यायचं आणि ती जिवाणी परत विहिरीत पोचवायची. तीसुद्धा काठावरून ओतायची नाही. तळाला कडी असलेली एक छोटी बालदी त्यासाठी वेगळी ठेवलेली होती. ती थेट पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि तिथंच पालथी करायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना पडण्याचा मार बसू नये म्हणून एवढा खटाटोप. नवी सून म्हणून मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

अशा घरात मी डास पाळले. गोष्ट त्याचीच आहे.

तीन वर्षांपूर्वीचा भाद्रपद. दशलक्षण पर्व नुकतंच संपलं होतं. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, दिवस दिवस उघडत नाही, आणि उघडला की मध्येच दोन दिवस कडक ऊन. गल्लीत तापाचे पेशंट वाढले होते. आमच्या शेजारच्या दारातला सहा वर्षांचा मुलगा डेंग्यूनं दवाखान्यात होता. आशाताई घरोघर फिरून बालद्या, टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या बघत होत्या. आमच्याकडं आल्या, मोरी बघितली, टाकी बघितली, गच्चीवर जाऊन आल्या. सगळं स्वच्छ. जाता जाता त्यांची नजर व्हरांड्यातल्या माझ्या तीन झाडांवर गेली. बॅटरी काढून त्यांनी मधल्या झाडाच्या पोटात उजेड टाकला आणि मला हाक मारली.

"आक्का, पाणी गाळून पिता तुम्ही, आणि हिकडं डास पाळलाय की!"

मी वाकून बघितलं. पानांच्या मधल्या वाटीत अर्धा पेला पाणी होतं आणि त्यात दहा-पंधरा बारीक अळ्या वळवळत होत्या. उजेड पडला तशा खाली गेल्या, थोड्या वेळानं पुन्हा वर आल्या.

ती झाडं ब्रोमेलियाडची. नाव परकं वाटलं, तरी त्या कुळातल्या एका झाडाला आपण सगळ्या चांगल्या ओळखतो, ते म्हणजे अननस. तोसुद्धा इथला नव्हे. कोलंबसला तो १४९३ साली वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर भेटला, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला. ‘अननस’ हा शब्दसुद्धा त्यांच्याच बरोबर आला. या कुळात तीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतली एक जात सोडली तर सगळ्या अमेरिका खंडातल्या. माझ्याकडची होती ती गुझमानिया. हिरवी चकचकीत पट्ट्यांसारखी पानं आणि मधून वर आलेला लालभडक तुरा. तो तुरा म्हणजे फूल नव्हे, ती रंगलेली पानंच असतात. खरी फुलं त्यांच्या आत, लहान, चार दिवसांची. रंग मात्र दोन-तीन महिने हलत नाही. म्हणून तर हल्ली हॉटेलांत, बँकांत, लग्नाच्या हॉलमध्ये ही झाडं दिसतात. ऊन फार लागत नाही, माती फार लागत नाही. मला आवडलं ते एवढ्याचसाठी. गुडघे दुखायला लागल्यापासून खाली बसून खुरपणं होत नव्हतं.

या झाडाची तऱ्हा अशी, की त्याची पानं तळाशी एकमेकांना घट्ट बिलगून वाटी करतात आणि पावसाचं पाणी त्या वाटीत साठतं. रानात ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर राहतं. मुळं मुख्यतः धरून बसण्यापुरती. पाणी आणि अन्न पानांवरच्या बारीक खवल्यांतून ओढून घेतं. वाटीत पडलेला पालापाचोळा, मेलेले किडे कुजतात, तेच त्याचं खत. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या रानांत या वाट्यांतून केवढा तरी संसार चालतो. एका जातीची बेडकी आपली पिल्लं पाठीवर घेऊन झाडावर चढते, एकेका वाटीत एकेक सोडते आणि परत परत येऊन त्यांना खाऊ घालते. जमैकात एक खेकडी याच कुळातल्या झाडाच्या पाण्यात पिल्लं वाढवते. कुजकी पानं बाहेर काढते, गोगलगायींचे शंख आणून पाण्यात टाकते, म्हणजे पाणी आंबत नाही आणि पिल्लांच्या कवचाला चुना मिळतो. डासांच्या अळ्याही तिथं असतात, पण त्यांना खाणाऱ्या चतुराच्या अळ्याही त्याच वाटीत असतात.

माझ्या व्हरांड्यात खेकडी नव्हती आणि चतुरही नव्हता. झाड अमेरिकेतलं. डेंग्यूचा तो पांढऱ्या पट्ट्यांचा डास मुळात आफ्रिकेतला, माणसांच्या जहाजांबरोबर जगभर पसरलेला. दोघांची गाठ माझ्या घरात पडली, आणि ती निसर्गानं घालून दिली नव्हती. माणसाच्या हौसेनं घातली होती, त्यातली शेवटची हौस माझी.

आता त्या अळ्यांचं करायचं काय?

आशाताईंना प्रश्न पडलाच नव्हता. "ओतून टाका मातीत, दोन मिनिटांत मरतात." मी तिथंच उभी राहिले. जन्मभर ऐकलेलं सगळं डोक्यात गोळा झालं. गृहस्थाला स्थावर जिवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही, पण हलणाऱ्या-चालणाऱ्या त्रस जिवाला जाणूनबुजून मारायचं नाही, हे आपल्याला पाठशाळेत शिकवलेलं. या अळ्या माझ्या डोळ्यांसमोर पोहत होत्या. विहिरीत सोडाव्यात, तर डास होणार. आणि ज्याचं पाणी त्याला परत, हा जिवाणीचा नियम लावावा, तर मूळ पाणी म्हणजे हीच वाटी. तिथं राहू दिलं तर तीन-चार दिवसांत पंख फुटणार. भिंतीपलीकडं एका पोराच्या प्लेटलेट्स रोज मोजल्या जात होत्या.

मी काही बोलेना, तेव्हा आशाताईंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनीच कुंडी उचलली, अंगणात नेली, तिरकी केली आणि पाणी मातीवर सोडून दिलं. बाकी दोन झाडांचंही तेच केलं. मी हात लावला नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या हातून काही झालं नव्हतं.

ते सुटणं रात्रीपर्यंतही टिकलं नाही. आपल्याकडं स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला मनातून संमती देणं, कृत, कारित, अनुमोदित, या तिन्हींचा हिशोब सारखाच धरतात. मी गप्प राहून दुसऱ्या बाईकडून करून घेतलं होतं आणि वर स्वतःला अहिंसक समजत होते. आपल्या समाजात हे दुखणं जुनं आहे. आपण मुंग्यांची पावडर टाकत नाही, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो आणि तेवढ्या वेळात देवळात जाऊन बसतो. बिळातला उंदीर कामवाली मावशी बघून घेते. पाप आउटसोर्स केलं की आपला कपडा पांढरा. आशाताईंचा कपडा मात्र आपण काळा मानायचा का? त्या बाईनं तर दिवसभर उन्हापावसात फिरून कुणाची तरी पोरं वाचवली होती.

मग मी दुसरी पळवाट शोधली. शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली. आरंभी, घरकामात होणारी. उद्योगी, पोटापाण्याच्या धंद्यात होणारी. आणि विरोधी, स्वतःच्या किंवा आश्रितांच्या रक्षणासाठी करावी लागणारी. शेवटच्या तीन गृहस्थाला पूर्णपणे सुटत नाहीत, पहिली मात्र सुटलीच पाहिजे. मी मनाशी म्हटलं, ही विरोधी हिंसा. डास हल्ला करतो, आपण पोरांचं रक्षण केलं. पण हेही घशाखाली उतरेना. विरोधी म्हणायला समोरचा आपल्यावर चालून यायला हवा. इथं त्या अळ्यांसाठी घर मीच मांडलं होतं, पाणीही मीच भरलं होतं. आपणच बोलावलेल्या पाहुण्याला चोर म्हणून मारायचं, त्याला रक्षण म्हणावं का?

त्या वर्षी आमच्या बस्तीत एका माताजींचा चातुर्मास होता. चतुर्दशीला वंदामि करून मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या प्रायश्चित्त सांगतील, एखादा उपवास, जपाच्या माळा. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"पाणी किती दिवसांचं होतं?"

"दहा-बारा दिवसांचं असेल, माताजी. पर्वाच्या गडबडीत झाडांकडं बघणंच झालं नाही."

"मग तुझा प्रश्नसुद्धा बारा दिवसांचा जुना आहे. तू तो शेवटच्या दिवशी विचारायलीस."

एवढं बोलून त्या स्वाध्यायाला लागल्या.

मी घरी येताना ते वाक्य घोळवत आले. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना नुसता प्राण जाणं सांगितलेलं नाही, त्याच्या आधी प्रमाद सांगितला आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, कषायाच्या भरात किंवा आळसात केलेलं दुर्लक्ष. लहानपणी मला वाटायचं, ही सवलत आहे. सावध असूनही चुकून पाय पडला तर दोष नाही, एवढाच अर्थ मी घेतला होता. त्याची दुसरी बाजू त्या दिवशी कळली. प्राण जाण्याच्या कितीतरी आधी हिंसा सुरू झालेली असते. आशाताईंनी कुंडी तिरकी केली तेव्हा ती झाली असं मी समजत होते. खरं तर मी पर्वात रोज पूजेला जाताना त्याच व्हरांड्यातून, त्याच झाडाच्या कडेनं जात होते आणि वाकून बघत नव्हते, तेव्हाच ती झाली होती. बाराव्या दिवशी माझ्यासमोर दोनच वाटा होत्या आणि दोन्ही वाईट. दुसऱ्या दिवशी एक तिसरी वाट होती, साधी, मगभर पाण्याची. त्या वाटेनं गेले असते तर कोंडी पडलीच नसती.

आपण अहिंसेचे प्रश्न नेहमी शेवटच्या क्षणी विचारतो, मारायचं की नाही? आणि मग शास्त्र अपुरं पडतं म्हणून चरफडतो. शास्त्र अपुरं नसतं, आपण उशिरा पोचलेलो असतो. वस्त्रगाळ पाण्यालासुद्धा दोन घटिकांची, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांची मर्यादा आहे. गाळलं म्हणजे कायमचं झालं असं नाही, पुन्हा गाळायचं. ते घड्याळ आपण हंड्यापुरतं लावलं आणि घरातल्या बाकीच्या साचलेल्या पाण्याला विसरलो.

जाऊबाई म्हणाल्या, "एवढा घोळ कशाला? टाकून दे की ती झाडं. असली हौस हवीच कशाला आपल्याला?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. अनर्थदंडव्रतात प्रमादचर्या म्हणून एक दोष सांगितला आहे. गरज नसताना माती उकरणं, पाणी सांडणं, झाडपाला तोडणं. भाजीचं झाड लावलं तर त्याला निदान कारण आहे. शोभेच्या झाडाला काय कारण? त्यात ही झाडं विकत घेताना आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. यातलं प्रत्येक झाड आयुष्यात एकदाच फुलतं. फुललं की वर्ष-दोन वर्षांत हळूहळू वाळतं आणि जाण्याआधी बुडाशी पिल्लं सोडतं. मोठ्या रोपवाटिकांत बाजाराच्या हिशोबानं इथिलीनसारखा वायू देऊन त्यांना एकाच वेळी फुलवतात. अननसाच्या शेतातही फळं एकदम धरावीत म्हणून असंच औषध वापरतात. म्हणजे दुकानात आपण भुलतो तो लाल तुरा म्हणजे त्या झाडाचा परतीचा प्रवास सुरू झाल्याची खूण असते, आणि तो दिवस बऱ्याचदा झाडानं निवडलेला नसतो.

हे कळल्यावर मी नवीन झाड विकत आणायचं बंद केलं. पण घरात आहेत ती टाकायची का? टाकणं म्हणजे काय? उकिरड्यावर वाळू देणं. तोही एक जीव, एकेंद्रिय का असेना. आणि टाकून माझा प्रमाद जाणार नव्हता. तो कुंडीत नव्हताच, माझ्यात होता. उद्या तो फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये दिसला असता, परवा कूलरमध्ये.

शोभेबद्दलही मला थोडं बोलायचं आहे. आमच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालातली. तिच्या छताला दगडाचं कमळ आहे, पाकळीवर पाकळी. बेळगावला आलेला प्रत्येक श्रावक मान वर करून ते बघतो. त्या कमळासाठी किती दगड फोडला असेल, किती माती हलली असेल, किती जीव गेले असतील! तरी आपण त्याला अनर्थ म्हणत नाही. कारण त्याखाली उभं राहिलं की मन थोडं निवळतं. माझ्या मते शोभेला अर्थ असू शकतो. पण तो अर्थ फुकट मिळत नाही, आणि एकदा किंमत देऊन चुकतीही होत नाही. ज्यानं शोभा घरात आणली, त्यानं तिची राखण करत राहायचं. राखण जमत नसेल त्या दिवशी ती शोभा अनर्थ होते. सीमा वस्तूत नाही, आपल्या रोजच्या बघण्यात आहे, एवढ्या निष्कर्षाला मी आले आहे. जाऊबाईंना तो पटलेला नाही, आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असं मीही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

आता माझा नेम असा आहे. गुझमानियाची वाटी मी कोरडीच ठेवते. कुंडीतल्या नारळाच्या काथ्याला ओल दिली तरी तिला पुरतं. पाणी प्लास्टिकच्या मगानं देते, तांब्याच्या तांब्यानं नाही, कारण तांबं या झाडांना सोसत नाही. मृगापासून दिवाळीपर्यंत झाडं व्हरांड्यातून आत, पावसाचा थेंब पडणार नाही अशा जागी असतात. वरून जुन्या गाळण्याचं पातळ कापड सैल बांधते. पाण्यातले जीव वाचवायला जे कापड वापरलं, तेच आता डासाला पाण्यापासून दूर ठेवायला. सोमवारी आणि गुरुवारी बॅटरी घेऊन प्रत्येक बेचक्यात बघते. कारण हा डास पाण्याच्या काठाशी, ओल्या पानाला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. पाणी लागलं की फुटतात, आणि उबेच्या दिवसांत आठवडा-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून आठवड्यातून दोनदा. कुणी सुचवलं, वाटीत थेंबभर तेल टाक, अळ्या गुदमरून मरतात. ते मी केलं नाही. त्यांना मारायची सोय करून ठेवून मग निर्धास्त राहणं हा पुन्हा तोच आळस. वर त्या तेलानं झाडाचेही खवले बुजतात.

माझी हिंसा शून्य झाली, असं मी म्हणणार नाही. बेचकी पुसताना न दिसणारी अंडी जात असतील. पण मी हजर असते.

शेजारचा मुलगा बरा होऊन आला. आता तिसरीत आहे. आमच्याच झाडातला डास त्याला चावला, असं कुणाला सिद्ध करता येणार नाही. चावला नाही, असंही येणार नाही. त्याच्या आईला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याबी गच्चीवर टायर होता, काकू." आम्ही दोघी तेवढ्यावर थांबलो.

मधलं झाड गेल्या उन्हाळ्यात वाळलं. बुडाशी तीन पिल्लं होती. आईच्या निम्म्याएवढी झाल्यावर ती वेगळी करतात, तशी मी केली. महिला मंडळातल्या तिघींनी मागितली. अनर्थदंडात हिंसादान नावाचाही एक दोष आहे, दुसऱ्याच्या हाती हिंसेचं साधन देणं. लहानपणी मला त्यात तलवारी आणि विषाच्या बाटल्या दिसायच्या. आता कुंडीही दिसते. म्हणून दोघींना घरी बोलावून, बॅटरीनं वाटी दाखवून, सोमवार-गुरुवारचा नेम सांगून पिल्लं दिली. तिसरी सहा महिने लेकीकडं पुण्याला असते, मागं घराला कुलूप. तिला मी नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं. ती थोडी रुसली आहे.

ते पिल्लू अजून माझ्याकडंच आहे. आज गुरुवार. बघून आले, कोरडं आहे.